बराबर हाये, पण पास न्हाई

हिवाळ्यात ओट्यावर बसून हरभऱ्याचे घाटे सोलणारी माणसं आमच्या जालन्यात पैशाला पासरी मिळतील. पण शिजवलेल्या काबुली हरभऱ्याच्या एकेका दाण्याचं साल काढणारा माणूस तुम्ही पाहिलाय? मी दर रविवारी पाहत होते. आमच्या शेजारीच, भिंतीला भिंत लागून. मुरलीधर खांडेभराड त्यांचं नाव.

सकाळी नऊ वाजता आमच्या मस्तगड भागातल्या त्या ओट्यावर चटई पडायची. चटईवर काका, पुढ्यात शिजलेल्या हरभऱ्यांची परात, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. दाणा दोन बोटांत धरायचा, हलकेच दाबायचा, साल वाटीत, दाणा पातेल्यात. दाबताना दाण्याच्या दोन डाळिंब्या झाल्या की तो बाजूला.

"फुटला. फेल."

"अहो काका, शेवटी ते वाटायचंच आहे ना?"

"म्हणून काय फुटका माल घालायचा, मॅडम?"

यावर माणसानं काय बोलावं, कपाळ!

काका एमआयडीसीतल्या एका बियाण्याच्या कंपनीत तीस वर्षं तपासनीस होते. पोत्यांतून नमुना काढायचा, शंभर दाणे मोजून ओल्या कागदावर मांडायचे, किती उगवतात ते बघायचं आणि अख्ख्या लॉटवर शेरा मारायचा, पास किंवा फेल. नोकरी संपली, शेरे संपले नाहीत. गल्लीतली पोरं त्यांना मागून 'लॉटसाहेब' म्हणतात. मेथीची जुडी असो, लग्नाचा बँड असो की माझ्या नवऱ्याचा नवा शर्ट, काका एक डोळा बारीक करून बघणार आणि म्हणणार, "बराबर हाये, पण पास न्हाई." पुतणीसाठी स्थळ बघायला गेले, तर चहा घेता घेता मुलाच्या बापालाच म्हणाले, "पोरगं वाणाचं हाये, पण जोम कमी हाये." ते स्थळ अर्थातच गेलं. माझ्या चहाला त्यांच्याकडून आजवर एकदाच "मस्त" मिळालं, आणि त्या दिवशी चहा माझ्या सासूबाईंनी केला होता.

असल्या माणसाच्या डोक्यात हमस शिरला, त्याची गोष्ट सांगते.

रवी हा त्यांचा एकुलता एक मुलगा. माझ्याच हाताखाली चौथीपर्यंत शिकला, पुढे आयटीआय करून एसी-फ्रीजच्या कामात तरबेज झाला. काकांनी त्याच्यासाठी आपल्या कंपनीत शब्द टाकला होता. पोरगा म्हणाला, मला दुबईला जायचंय. दोन घरांत भिंत एकच, त्यामुळे ते भांडण मला बसल्या जागी ऐकू आलं. आवाज चढत गेले आणि शेवटी काका ओरडले, "जा मंग! फेल माल मी तरी कुठवर घरात ठेवू?"

तीस वर्षं जिभेवर बसलेला शब्द, सुटला तोंडातून. पण ऐकणारं पोतं नव्हतं. रवी गेला तो तीन वर्षं आला नाही. फोन यायचा तो आईला. काका बाजूला बसून पेपर वाचायचे, आणि फोन संपेपर्यंत पेपरचं एकही पान उलटायचे नाहीत.

गेल्या आखाडात रवीनं आईच्या फोनवर एक फोटो पाठवला. पांढऱ्या बशीत पिवळसर काहीतरी गुळगुळीत फासलेलं, मधे खळगा, खळग्यात तेल, वर लाल तिखट भुरभुरलेलं आणि मधोमध चार अख्खे हरभरे. खाली लिहिलं होतं, 'याला हमस म्हणतात. हरभरा आन् तिळाचं असतं. आम्ही इथं रोज हेच खातो. पप्पाला सांग, माझं मस्त चाललंय.'

काका फोटोकडे पुष्कळ वेळ बघत बसले. संध्याकाळी जाऊन त्याची रंगीत प्रिंट काढून आणली आणि गॅसच्या वर भिंतीला चिकटवली. "हा आपला स्टँडर्ड नमुना," म्हणाले. दुसऱ्या दिवशी मोंढ्याच्या बाजारातून काबुली हरभरा आला.

पहिले आठ दिवस तर हमस झालाच नाही, कारण काकांनी आधी त्या हरभऱ्याचे शंभर दाणे ओल्या फडक्यात उगवायला घातले. मी म्हटलं, "काका, आपल्याला वाटायचाय, पेरायचा नाही."

"मेलेला दाणा पोराच्या पोटात घालू का?" काका म्हणाले.

मग लॉट सुरू झाले. दर रविवारी एक. वही घातली, वहीत नंबर. लॉट चारमध्ये तीळ करपले आणि आमच्या घरात दोन दिवस होळी पेटल्याचा वास होता. लॉट नऊमध्ये मिक्सरनं धूर सोडला. लॉट अकरापासून, कुणीतरी सांगितलं म्हणून, लिंबू पडू लागलं. तेल कुठलं, यावर त्यांनी फोटोकडे भिंग धरून निकाल दिला, "पिवळं दिसून राह्यलं, म्हंजे करडईचंच." लॉट चौदा वाटून झाला आणि काका आंघोळीला गेले, तेवढ्यात काकूंनी त्यावर मोहरी, हिंग, कढीपत्त्याची चरचरीत फोडणी ओतली. त्यांचाही जीव किती दिवस बिनफोडणीचं सहन करणार? सांगते, काय झकास लागत होतं ते! मी दोन पोळ्यांशी खाल्लं. काका बाहेर आले, वास घेतला आणि मटकन खाली बसले.

"चवीला बरं हाये म्हणून पास करू का? भेसळ हाये ही!"

त्या दिवशी काकू त्यांच्याशी बोलल्या नाहीत. मला मात्र भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "सुनंदा, यांना हरभरे सोलायला चार तास हाये, दाढी करायला न्हाई बघ."

अठराव्या लॉटला मी माझं पुरणयंत्र नेऊन दिलं. म्हटलं, यातून काढा, गुठळीही राहायची नाही आणि सालंही वर अडकतील. काकांनी यंत्र फिरवून बघितलं, खूश झाले, आणि पुढच्या रविवारी पुन्हा ओट्यावर साल काढत बसले!

"अहो, यंत्र पकडतं ना साल?"

"पकडतं. पण एखादं सुटलं मंग?"

चव बघायला दर रविवारी मीच. काका माझ्या तोंडाकडे टक लावून उभे. मी काय सांगणार डोंबल? खरा हमस आमच्यापैकी कुणी आयुष्यात खाल्ला नव्हता. आम्ही तिघं म्हणजे हत्ती चाचपणारे आंधळे, आणि हत्ती दुबईला. एकदा मी वैतागून म्हणाले, "काका, तयार पाकीट मिळतं हो याचं. आणा आणि जुळवून बघा."

"पाकीट? मॅडम, पाकिटावर काय काय लिहितात ते तीस वर्षं मीच बघत आलो."

"मग एवढा आटापिटा कशाला?"

काका हात पुसत राहिले. मग म्हणाले, "तीन वर्षं ते हेच खाऊन राह्यलं. जिभेला आता हेच लागलं असंल. घरात पाऊल टाकलं की त्याचं जेवण समोर पाहिजे का न्हाई? आन् पास का फेल, ते तोच सांगंल. मी लई शेरे मारले. आता त्याची पाळी हाये."

त्या दिवसापासून मी त्यांना हसणं बंद केलं. म्हणजे तोंडावर तरी.

फेब्रुवारीत रवी आला, पंधरा दिवसांच्या सुट्टीवर. रिक्षातून उतरला, वाकून बापाच्या पाया पडला. काका म्हणाले, "गाडी बराबर टायमावर होती का?" झालं, तीन वर्षांनंतरचं बोलणं एवढंच.

मी पुरणयंत्राची मालकीण, म्हणून त्या दुपारी स्वयंपाकघरात माझीही हजेरी. कंपनीत मोठे साहेब आले की घालायचे तो इस्त्रीचा शर्ट काकांनी घातला होता. लॉट नंबर एकतीस बशीत उतरला. खळगा, तेल, तिखट, चार हरभरे, सगळं फोटोबरहुकूम. पोळीचे तिकोनी तुकडे. बशी रवीपुढे ठेवून काका बसले नाहीत, दाराला टेकून उभे राहिले.

रवीनं बशीकडे बघितलं, मग भिंतीवरच्या फोटोकडे. कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्याच्या. तुकडा मोडला, बुडवला, तोंडात घातला आणि भुवया एकदम वर गेल्या.

"हे आंबट असतं होय?"

बोलून गेला आणि जागच्या जागी थिजला.

काकूंच्या ध्यानात काही आलं नाही. त्या लगेच म्हणाल्या, "मी म्हणतच होते, लिंबू कमी पिळा म्हणून!" माझ्या मात्र ध्यानात आलं. रोज खाणारा माणूस असं विचारेल का? पोरानं ते आयुष्यात पहिल्यांदा तोंडात घातलं होतं. आणि जे चौथीच्या बाईला कळलं, ते शंभर दाण्यांतून एक किडका उचलणाऱ्या माणसाला कळणार नाही? काका रवीकडे बघत होते. कॉलरीतून वर आलेली त्याची गळ्याची हाडं बघत होते. रवी मान खाली घालून बसला होता, माझ्या वर्गात चोरी पकडल्यावर बसायचा अगदी तसा. आता तो शब्द येणार, मला वाटलं. देवा, नको.

काकांनी बशीतलं बोटावर घेतलं, चाखलं.

"फेल," ते म्हणाले.

रवीनं डोळे मिटून घेतले.

"लिंबू जास्त पडलं माझ्याच्यानं. खोट माझ्या हातात हाये, रवी. तुझ्यात न्हाई." आणि मग, भिंतीकडे बघत, "तवाबी नव्हती."

रवीनं ती बशी पोळीच्या तुकड्यांनी पुसून पुसून साफ केली. शेवटचे चार हरभरेसुद्धा ठेवले नाहीत. काकू म्हणाल्या, आता माझंही खा, आणि पिठलं-भाकरी वाढली. पोरगं दोन्ही हातांनी जेवलं म्हणा ना. काका त्याला वाढत होते, आणि भाकरी वाढता वाढता एकदा डोळे बाहीला पुसले. पिठल्यातल्या मिरचीवर ढकलायची सोय होती, तिचा त्यांनी लगेच फायदा घेतला.

संध्याकाळी रवी माझं पुरणयंत्र परत द्यायला आला. उभ्याउभ्याच म्हणाला, "मॅडम, तुम्हाला कळलं ना? तो फोटो एका हॉटेलातला, तिथल्या बुफेला आम्हाला हात लावता येत न्हाई. मी तिथला एसी बघायला गेल्तो, तवा घाईत फोटो काढला. कॅम्पवर, म्हंजे आम्हा कामगारांच्या खोल्यांवर, आम्ही दाळ-भातच खातो. पप्पाला वाटावं, पोरगं पास झालं, म्हणून पाठवला. ते हरभरे वाटत बसतील हे काय ठाऊक!"

"यंत्र नीट धुतलंस का?" एवढंच मी विचारलं, आणि आत जाऊन रडले.

रवी परत गेला. पुढचे दोन रविवार ओटा रिकामा होता. वही बंद, परात फडताळात. मला वाटलं, सुटलो बाबा हमसातून. आणि खरं सांगते, चुकल्याचुकल्यासारखं झालं.

तिसऱ्या रविवारी दुपारी काका माझ्या दारात उभे. हातात वाटी.

"चव बघा जरा, मॅडम."

वाटीत जाडा भात आणि वर पाण्यासारखी पातळ दाळ. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी खिशातून फोन काढून पुढे धरला. हा फोटो आईच्या फोनवर नव्हे, त्यांच्या स्वतःच्या फोनवर आला होता. स्टीलची थाळी, भाताचा ढीग, फिक्कट दाळ, अर्धा कांदा. खाली लिहिलं होतं, 'पप्पा, आज हे जेवलो.'

"गॅसवरचा पहिला फोटो उतरवला," काका म्हणाले, "आता हा लावला. दाळ लई पातळ दिसून राह्यली त्याच्यात. मी दोनदा पाणी वाढवलं. फोडणी तर दिसतच न्हाई. बघा बरं."

मी खाल्लं. इतकी वाईट दाळ मी जन्मात खाल्ली नव्हती. काका नेहमीसारखे माझ्या तोंडाकडे टक लावून उभे होते. आता यांना काय सांगावं? पण त्या माणसाशी खोटं बोलायची हिंमत होईना.

"काका, बेचव आहे हो. बिलकुल चव नाही."

"खरं सांगून राह्यल्या ना?"

"खरंच."

"मंग पास," काका म्हणाले, आणि माझ्या हातातली वाटी घेऊन उरलेला भात तिथंच दारात उभ्यानं खाऊन संपवला.