इंद्रजीतले फिट येते

साखरपुड्यासाठी इंद्रजीतला नवा कोट शिवायचा नाही, माझाच लग्नातला द्यायचा, असं मी ठरवलं. इंद्रजीत माझा एकुलता एक साळा. बऱ्याच ठिकाणी नकार ऐकल्यावर बाभुळगावकडच्या तांड्यातली रंजिता त्याला पसंत पडली होती, आणि तिला तो. बबिता, म्हणजे आमची बायको, म्हणाली की जुनं कपाट उघडू नका. मी उघडलं.

आता, फिट हा शब्द मला अगदी निरुपद्रवी वाटायचा. आमच्या दिग्रसच्या घरी पंखा फिट करतात, सासरे तब्येतीनं फिट आहेत, आणि कोट इंद्रजीतला फिट आला (शिंपी म्हणाला, श्वास रोखून धरला तर). तेवढ्यात रंजिताच्या वडिलांचा, देवसिंगकाकांचा, खुशाली विचारायला फोन आला.

"काका, इंद्रजीतले फिट येते," मी आनंदानं सांगितलं.

पलीकडून हळूच, "कवापासून?"

"आत्ताच पाह्यलं. पहिले मलेबी येत जाये. पोट सुटलं आन् बंद झालं."

"कोनाले दाखवलं?"

"इथंच दिग्रसले. तो म्हने, पाठीत जरासं उसवतो, मंग तरास नाही."

फोन कट झाला. रेंज गेली असेल, असं मी बबिताला सांगितलं. माझ्यापुढे कोट होता, काकांपुढे नव्हता, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

दुपारी दारात जीप थांबली. काका, काकू आणि हट्टानं सोबत आलेली रंजिता उतरली. चेहरे सुतकी. इंद्रजीत कोट मिरवत पाया पडायला वाकला, पाठीची शिवण चर्रकन फाटली, आणि दचकून तो जमिनीवर आडवा झाला. बाह्यांत हात अडकलेले, त्यामुळे उठता येईना, नुसता वळवळत होता. काकूंनी पिशवीतून फोडलेला कांदा काढून त्याच्या नाकाला लावला. काकांनी चप्पल काढली. ती हुंगवायला होती, पण मी मात्र दोन पावलं मागे सरलो.

बबितानं कांदा बाजूला करून विचारपूस केली, आणि सगळा उलगडा झाला. काकांनी डोक्यावरचा घाम पुसला. लग्न वाचलं म्हणून माझ्याही जीवात जीव आला. मी रंजिताला म्हणालो, "पोरी, तू लय घाबरली असशीन."

"नाही भाऊजी," ती शांतपणे म्हणाली. "फिट येत असती तरी मी नाही म्हनली नसती. त्याच्यावर औषध भेटते. पन तुमच्या बोलन्यावर ताईनं काही औषध चालू केलं का?"

"लय करून पाह्यलं," बबिता म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.