काजळाची मिशी

महागावजवळच्या तांड्यात भावसिंगाएवढं डोकं कोणालाच नव्हतं, असं खुद्द भावसिंगाचं ठाम मत होतं! आणि त्या डोक्याला सध्या एकच घोर लागला होता. त्याचा लेक प्रेम! पोरगा फुटबॉलचा वेडा, पळायला सशासारखा. पण हंगाम सरत आला, तरी तो बसूनच. चौदा वर्षांखालच्या संघाचे राजकुमार सर धिप्पाड पोरंच खेळवायचे. हाडकुळा प्रेम आपला मैदानाबाहेर सगळ्यांच्या चपला राखत बसलेला.

"सर, काहून खेळवत नाही याले?" भावसिंगानं एकदा तडकून विचारलं.

"वाढू द्या जरा, भाऊ. धक्क्यानं उडून जाईन थो!"

झालं! भावसिंग इरेला पेटला. पोराला बैलगाडीमागं पळवलं, निंबाच्या फांदीला लटकवलं, रोज वाटीभर तूप पाजलं. महिन्याभरात उंची तसूभर वाढली नाही, पोट तेवढं बिघडलं. मग त्यानं वस्तरा काढला. एकदा फिरवला की मिशी दाट येते म्हणतात. यानं तीनदा फिरवला. काय उगवलं? डोंबल!

शेवटच्या सामन्याच्या सकाळी त्यानं बायकोची काजळाची डबी उचलली.

"अवो, लेकराच्या तोंडाले काय फासून राह्यले?" प्रेमची याडी मानीबाई ओरडली.

"तू चूप बस! मिशी पाहून सर घेते का नाही, पाहाच!"

आणि घेतलं की! "अरे वा, वाढला रे गड्या!" म्हणत सरांनी प्रेमला पहिल्या अकरात उभं केलं. पोरगा काय खेळला म्हणता! दोघांना चकवलं आणि दहाव्या मिनिटाला गोल! भावसिंगाचे डोळेच भरून आले.

तेवढ्यात समोरच्या संघाचे मास्तर बोंबलत आत आले.

"हा मिशीवाला चौदाच्या आतला? कागद दाखवा!"

हंगामभर त्या एवढ्याशा पोराचा शाळेचा कागद कोणी पाहिलाच नव्हता. पंचांनी आता पाहिला, तर वय पुरतं पंधरा!

भावसिंगाला दरदरून घाम फुटला. नऊ वर्षांपूर्वी साडेचार वर्षांच्या प्रेमला पहिलीत कोंबायला त्यानंच शाळेत "सहाचा हाय" म्हणून ठोकून दिलं होतं. तेव्हाही स्वतःच्या डोक्यावर किती खूश झाला होता!

"साहेब, थो कागद खोटा हाय! मीच खोटं सांगतलं!"

"कागद खोटा, अन् मिशी खरी?"

"मिशीबी खोटीच हाय, साहेब!"

भावसिंगानं गमछा ओला करून प्रेमचं तोंड खसाखसा पुसलं. मिशी गमछ्यावर आली. सारं मैदान खदखदून हसलं. पण कागदावरची तारीख कशी पुसणार? गोल रद्द, प्रेम बाहेर, संघही बाद! प्रेम हुंदके देत होता, बापाकडं पाहायलाही तयार नव्हता.

"कागदानं हा आता सतराच्या आतल्यांत," राजकुमार सर दात-ओठ खात म्हणाले. "तिकडं न्या याले!"

रविवारी भावसिंग त्याला तिकडं घेऊन गेला. सतरावाल्यांचे दंड भावसिंगाच्या मांडीएवढे. दोघातिघांनी तर दाढी राखलेली! प्रेम चपलांच्या ढिगापाशी जाऊन बसला.

"बा," तो म्हणाला, "याडीची डबी तिले वापस देऊन टाक. इथं दाढी लागते."

भावसिंगानं हळूच खिशावर हात ठेवला. डबी आतच होती.