सरळ जा, दुसऱ्या वळणाला डावीकडे

रस्ता कसा सांगावा हे आम्हा पुएब्लाच्या माणसांकडून शिकावं! मेक्सिकोत आमच्या गावी कुणी पत्ता विचारला आणि तुम्ही 'माहीत नाही' म्हणालात, तर आई तिथल्या तिथे पाठीत धपाटा घालते. "तहानलेल्याला पाणी आणि चुकलेल्याला वाट. नाही म्हणायचं नाही, अनसेल्मो!" वाट बरोबरच असली पाहिजे, असं मात्र ती कधी म्हणाली नाही.

त्यामुळे मी पेरू देशात शिकायला आलो आणि अरेकिपा शहराच्या वाढदिवसाला स्वयंसेवक हवेत असं कळलं, तेव्हा छाती काढून पुढे झालो. मला पिवळं जाकीट मिळालं, पाठीवर ठळक अक्षरात 'माहिती'! स्वयंसेवकांच्या प्रमुख बाईंनी चौकात उभं करून बजावलं, "ठाऊक नसेल तर मला फोन कर." फोन? आणि मी?

त्या दिवशी माझी घरमालकीण दोन्या सबिना (दोन्या म्हणजे आपलं 'बाईसाहेब') मिरवणुकीत नाचणार होती, साठी उलटल्यावर पहिल्यांदाच! तिच्या नणंदेनं, ग्रिमानेसानं, आधीच टोमणा मारून ठेवला होता, "तुझे गुडघे पहिल्याच गिरकीला बोलतील. मी मंडपात पुढे बसून ऐकते." या नणंदेचं तोंड मी कधी पाहिलं नव्हतं, पण टोमणे पाठ होते. दोन्या बिचारी महिनाभर स्वयंपाकघरात सराव करत होती. दर रविवारी मटणाचा रस्सा भांड्याला लागायचा.

सकाळी पहिल्याच माणसानं संडास कुठे आहे ते विचारलं. "सरळ जा, दुसऱ्या वळणाला डावीकडे!" मी इतक्या झोकात म्हणालो की माझं मलाच पटलं. मग जो येईल त्याला तेच. बसथांबा? सरळ, डावीकडे. हरवलेला नवरा? सरळ, डावीकडे. टोपीवाल्या एका जाड बाईनं पाहुण्यांचा मंडप विचारला, तिलाही तेच. तक्रार घेऊन एकही जण परत आला नाही!

तेवढ्यात भरजरी घागऱ्यात दोन्या सबिना धापा टाकत आली. मागे तिच्या मैत्रिणी, त्यांच्यामागे ढोल आणि कर्णे.

"पोरा, आमचा जथा कुठून निघायचा रे?"

मला काय ठाऊक! पण दोन्या किती आशेनं बघत होती! तोंड आपोआप उघडलं.

"सरळ जा, दुसऱ्या वळणाला डावीकडे!"

"देव तुझं भलं करो, बाळा!"

थोड्या वेळानं प्रमुख बाई ओरडत आल्या, "सबिनाचा जथा कुठाय? आता त्यांचाच नंबर!"

माझी पाचावर धारण बसली. महिनाभराची मेहनत मी मातीत घातली होती! मी पळत सुटलो.

"दुसऱ्या वळणाला डावीकडे काय आहे हो?" पोलिसाला विचारलं.

"मोठं मैदान!" तो ठासून म्हणाला.

"मैदान कसलं? नदी आहे," आइस्क्रीमवाली म्हणाली.

"शाळा!" बूटपॉलिशवाला म्हणाला.

इथेही सगळे माझेच भाऊबंद!

डावीकडे होता एक बोळ, पुढे भिंत. आणि त्या बोळात सकाळपासून मी पाठवलेलं सगळं गाव, माझ्या जाकिटावर भरवसा ठेवून ताटकळत बसलेलं! गाठोडीवाले प्रवासी, नवरा शोधणारी बाई (नवरा सापडला होता, त्यालाही मीच पाठवलं होतं). मोठा ढोल बोळात असा अडकला होता की कुणाला परत फिरता येईना. मग लोकच ओरडले, "आलाच आहात तर नाचा तरी!"

आणि दोन्या नाचत होती! गिरकीवर गिरकी, लोक टाळ्या पिटतायत. अगदी पुढे, भिंतीला पाठ लावून, खोक्यावर टोपीवाली जाड बाई बसलेली. जाते कुठे!

नाच संपवून दोन्या तिच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काय गं ग्रिमानेसा, बोलले का गुडघे?"

"बोलले असतील," ती टोपी सावरत म्हणाली. "कर्ण्यांत ऐकू नाही आलं."

मंडपापर्यंत जथा पोचलाच नाही. प्रमुख बाईंनी माझं जाकीट भर चौकात काढून घेतलं.

रविवारी दोन्यानं मला रस्सा दुप्पट वाढला. मग डोळे पुसत म्हणाली, "खरं सांग पोरा. तिला तिथे तू मुद्दाम पाठवलंस ना? माझ्यासाठी?"

आता इतक्या आशेनं विचारणाऱ्या बाईला नाही कसं म्हणायचं?

"म्हणजे काय, दोन्या! सगळं आधीपासून ठरवलेलं!" मी झोकात म्हणालो आणि आणखी एक पाव मागितला.