न आलेल्या सुनेचा घातपात

विलायतेची ती राजकन्या पॅरिसच्या बोगद्यात नेमकी कशी वारली, हे अख्ख्या वाशीम जिल्ह्यात एकाच माणसाला ठाऊक आहे. तो माणूस म्हणजे मी, पंजाबराव सावळे, एसटीचा रिटायर कंडक्टर, मुक्काम इंझोरी! हसू नका. अपघात झाला तेव्हा सगळ्यांनी चार दिवस पेपर वाचला, हळहळले आणि आपापल्या निंदणाला लागले. मी नाही लागलो. मी तपास हाती घेतला आणि तो आजतागायत चालू आहे. तिकडच्या पोलिसांना माझा पत्ता माहीत नाही, हे त्यांचं दुर्दैव!

"इंझोरीत बसून पॅरिसचा तपास कसा करून राह्यले जी तुमी?" असं बेबीताई विचारते. बेबीताई म्हणजे माझी बायको. सगळं गाव तिला ताई म्हणतं म्हणून मीही म्हणतो, त्यातच शहाणपण आहे. मी तिला सांगतो, ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नका, तपासून घ्या, हे आपल्याला विहारात लहानपणापासून शिकवलंय. मी तपासून घेतोय. फक्त जरा जास्त वर्षं लागली.

या तपासात मला एक विरोधक आहे. तांड्यावरचा गुलाबसिंग राठोड. आमची ड्युटी वर्षानुवर्षं एकाच गाडीवर होती, तो स्टिअरिंगला आणि मी घंटीला. राजकन्येचं प्रकरण निघालं की याच्यातला ड्रायव्हर जागा होतो. "डायवरवर ढकलनं लय सोपं असते, पंजाबराव! तो बिचारा मरून गेला, आता बोलते कोन? सासरच्याईनंच काटा काढला तिचा!" माझं म्हणणं बरोबर उलटं. सासरच्यांचा काडीचा संबंध नाही. ड्रायव्हर प्यालेला, गाडी सुसाट आणि मागे बसलेल्यांनी पट्टा लावलेला नाही. बस्स!

रोज संध्याकाळी बसस्टॉपवरच्या रुपाबाईच्या हॉटेलात आमची सुनावणी चालते. इतक्या वर्षांत नावं घ्यायची गरजच उरली नाही. 'ती' म्हटलं की ती, 'सासू' म्हटलं की सासू, 'पोरगा' म्हटलं की पोरगा. रुपाबाईच्या बाकड्यालासुद्धा कळतं. बाहेरगावच्या माणसाला मात्र कळत नसणार, ही गोष्ट माझ्या डोक्यात कधी आलीच नाही.

तर झालं असं, की गेल्या महिन्यात आमच्या पोराला, प्रसेनजितला, आसेगावची मुलगी सांगून आली. धम्मदीपा. सरकारी दवाखान्यात नर्स. आमचा प्रसेनजित कारंज्याला पतसंस्थेत आहे, तिशी ओलांडलेली. आजकाल अशा पोराला मुलगी मिळणं म्हणजे शेवटच्या गाडीत खिडकीची जागा मिळणं! आणि हा पठ्ठ्या, मुलगी पाहून आल्यापासून स्वतःचे शर्ट स्वतः इस्त्री करायला लागला. एक दिवस तर माझाही केला. बेबीताईनं मला बजावलं, "हे सोयरिक मोडली न, तर मी तुमाले भाकर वाढनार नाही. मंग जा पॅरिसले अन् खा!"

आता आमच्याकडची एक रीत सांगतो. मुलगी द्यायच्या आधी मुलीकडचे लोक गुपचूप एक माणूस पाठवतात. तो नाव सांगत नाही, गाव सांगत नाही. हॉटेलात बसतो, दोन भजी खातो आणि घर कसं, सासू कशी, पोराला नाद-बिद कोणते, हे लोकांच्या बोलण्यातून काढून घेतो. त्याच्या एका शब्दावर लग्न जमतं नाहीतर मोडतं.

मी बेबीताईला म्हणालो, "तू बिनघोर राह्य. कंडक्टर होतो मी! गाडीत चढलेला बिनतिकिट्या मी टोपीवरून ओळखत होतो. हा चौकशीवाला आला का त्याले बरोबर हेरतो अन् असा खूश करतो का तो आसेगावपर्यंत नाचत जाईन!"

दोन दिवसांनी रुपाबाईच्या हॉटेलात दोन अनोळखी माणसं दिसली. एक कोपऱ्यात, डोक्याला दुपट्टा, भज्यांच्या प्लेटीत तोंड घातलेलं. दुसरा पांढऱ्या शर्टातला, पायात बूट, हातात बॅग, आणि आल्या आल्या रुपाबाईला विचारतो, "गावात चांगली शेती कोणाकोणाची आहे?" घ्या! सापडला!

मी त्याच्यासमोर जाऊन बसलो. "रुपाबाई, पाहुन्याले पेशल चहा! अन् गरम समोसे!"

"काका, तुमची शेती किती?"

"पाच एकर! ओलिताची! अन् बायको म्हनसान तर गरीब गाय हाय. सून आली का लेकीवानी ठेवन!"

तो जरा गोंधळला. "चांगलं आहे, काका. अळ्यांचा त्रास आहे का?"

शेजाऱ्यांबद्दल आडून विचारतोय, हे मी ताबडतोब ओळखलं. "कोनाचाच त्रास नाही! सारे भले लोक हायेत!"

चार समोसे पोटात गेल्यावर त्यानं बॅग उघडली आणि सोयाबीनवर फवारायच्या औषधाची बाटली माझ्यासमोर ठेवली. "एका पंपाला दोन झाकणं टाका, काका. अळी राहणारच नाही!"

माझं तोंड पाहण्यासारखं झालं असणार, कारण नेमका तेव्हाच आत आलेला गुलाबसिंग पोट धरून हसायला लागला. माझं डोकं फिरलं. राग काढायला मला एकच विषय येतो. मी सुनावणी सुरू केली.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या दुपट्टेवाल्यानं रुपाबाईला हळूच काहीतरी विचारलं आणि तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. ते मी स्वतः पाहिलं. मला वाटलं, माझ्या तपासाची कीर्ती बाहेरगावी पोचली! मी आवाज आणखी चढवला.

"सासूनंच मारलं तिले!" गुलाबसिंग टेबलावर हात आपटून म्हणाला.

"सासूले कायले मधात घेतं? सासूचा काहीच संबंध नाही!"

"मंग पोराचं दुसरं लगन कसं लावून देल्लं?"

"देल्लं त देल्लं! पोरगं का जनमभर तसंच राहीन?"

"अन् ते दोन लेकरं? त्याईची माय गेली ना, पंजाबराव!"

"लेकराईले काय कमी हाय? खाऊनपिऊन सुखी हायेत! तिनं पट्टा लावला असता त वाचली असती. चूक तिची अन् बदनामी सासूची!"

"प्रकरन दाबलं!"

"काही दाबलं नाही! सारं साफ हाय!"

दुपट्टेवाल्याच्या हातातलं भजं हातातच राहिलं. तो उठला आणि जाताना माझ्याकडे डोळे फाडून पाहत राहिला. भारावला बिचारा, असं मला वाटलं.

पुढच्याच रविवारी आसेगावहून निरोप आला, या, बोलायचं आहे. माझी छाती फुगली! चौकशीवाला न येताच काम झालं! मी, बेबीताई, इस्त्रीच्या शर्टातला प्रसेनजित आणि थोरल्या भावासारखा गुलाबसिंग, असे पेढे घेऊन निघालो.

अंगणात सतरंजी घातलेली होती आणि निम्मं गाव जमलेलं होतं. जय भीम, जय भीम झालं. पाणी आलं. चहा काही आला नाही. आमच्याकडे सोयऱ्याला नुसतं पाणी दिलं तर काहीतरी बिनसलं आहे हे लहान पोरालाही कळतं. मला नाही कळलं, कारण माझं लक्ष मुलीच्या मामाकडे गेलं होतं. संघदीपमामा. मुलगी पाहायला गेलो तेव्हा हा घरी नव्हता. पण हा तर तोच! भजीवाला!

'अरे वा,' मी मनात म्हटलं, 'चौकशीवाला हाच होता! आणि याने तर माझा तपास प्रत्यक्ष ऐकलाय!'

मुलीची आजी सोजरबाई मधोमध बसली होती. त्या घरात शब्द तिचाच चालतो. ती म्हणाली, "पंजाबराव, आडपडदा नाही ठेवाचा. ती कशी मेली, ते खरं खरं सांगा."

काय सांगू तुम्हाला, मला भरून आलं! आयुष्यभर बायकोनं ऐकून घेतलं नाही आणि इथे सोयऱ्यांनी स्वतः होऊन विचारलं!

"आजी, तुमी काय आयकलं ते सांगा आंधी. मंग मी एकेक मुद्दा तपासतो."

"आमचा संघदीप म्हनते, गाडीत मेली. शेजारीन म्हनते, चहात जहर देल्लं. अन् मंगरूळवरून आयकू आलं का इहिरीत ढकलून देल्लं."

"जहराचा मुद्दा टिकत नाही," मी मांडी ठोकून म्हणालो. "इहिरीचा त बिलकुलच नाही. गाडीच! माहा साऱ्या गोष्टीचा बरोबर अभ्यास हाय."

"अभ्यास करून मारली व माय!" आतून कोणीतरी बाई म्हणाली.

गुलाबसिंगला आता राहवेना. तो उठून उभाच राहिला. "आजी, याचं आयकू नका! डायवर बेकसूर हाय. सारं सासूनं करवलं!"

अंगणातले सगळे डोळे बेबीताईकडे वळले. ती बिचारी मुलगी दिसते का म्हणून स्वयंपाकघराकडे पाहत होती. ती दचकली. "कोन? मी काय केलं?"

"तू मधात नको बोलू," मी तिला दटावलं. "सासूच्या बाजूनं मी हावो ना!"

मुलीचे वडील पुढे सरकले. "जागा कोनती होती? कुठी झालं हे?"

"बोगद्यात!"

"बोगदा? इंझोरीले बोगदा कवा झाला?"

"समृद्धी महामार्गावर असन," शेजारच्या एकानं मदत केली.

"अहो समृद्धीवर नाही, पॅरिसले!"

सोजरबाईनं कपाळावर हात मारला. "म्हंजे पयली सून फॉरेनची होती!"

आमचा प्रसेनजित उभ्या जन्मात नागपूरच्या पुढे गेलेला नाही. तो कसाबसा म्हणाला, "आजी, माझं पहिलं लग्नच..."

"तू चूप राह्य! दोन लेकराच्या बापानं बोलू नाही!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि पडला तो एकदम पडला. ती, सासू, पोरगा, दुसरं लग्न, दोन लेकरं! मी पोराकडे पाहिलं. त्याचा चेहरा पार उतरला होता. माझ्या बडबडीपायी लेकराचं जमलेलं लग्न मोडतंय, आणि तो मला एक शब्द बोलत नव्हता. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

मी हात जोडले. "आजी, चूक झाली! आमच्या घरी कोनतीच सून मेली नाही!"

"मंग जित्ती हाय? कुठी हाय ते?"

आता काय सांगावं? जी आलीच नाही ती मेली नाही, हे सिद्ध कसं करायचं? तिला हजर करावं तर ती नाही, आणि 'ती नाही' म्हणावं तर त्यांचंही म्हणणं तेच!

शेवटी बेबीताई उठली. पदर खोचला. "आयका माय! मेली ते विलायतेच्या राजघरान्यातली सून हाय, आमची नाही! हे दोघं बुडे रोज हॉटेलात बसून तिचं मयत उकरतात! माह्या घरात आतालोक एकही सून आली नाही, अन् या दोघायच्या पायी येनारही नाही!" आणि बोलता बोलता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मामा अजून हिशोब जुळवत होता. "मंग दुसरं लगन?"

"त्या राजाच्या पोराचं!"

"लेकरं?"

"त्याचेच!"

"अन् हे म्हने का बायको गरीब गाय हाय, ते?"

"ते बी राजाच्याच बायकोबद्दल असन," बेबीताई डोळे पुसत म्हणाली. "माह्याबद्दल हे असं कधी बोलत नाहीत!"

कुठूनतरी फिसकन हसू आलं. दारात धम्मदीपा उभी होती, हातात चहाचा ट्रे. ती सरळ माझ्यासमोर आली आणि म्हणाली, "मामाजी, चहा घ्या."

मामाजी! मुलगी पाहायला गेलो तेव्हा मी काका होतो. सासऱ्याला मामाजी म्हणतात आमच्याकडे. अंगणातल्या साऱ्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. प्रसेनजितचे कान लाल झाले.

"अन् मामाजी," ती हळूच म्हणाली, "मी आता मोबाईलवर पाह्यलं. तुमच्या त्या प्रकरनाचा निकाल तिकडच्या कोर्टानं कवाच देल्ला. डायवर पेलेला होता, गाडी सुसाट होती अन् मांगं फोटोवाले लागले होते. कट-बिट काही नाही."

गुलाबसिंगचं तोंड कडू झालं. मी मात्र जिंकलो होतो! पण कधी? कितीतरी वर्षांपूर्वीच! माझ्या बाजूनं निकाल लागून तो जुनासुद्धा झाला, आणि मी आपला रोज हॉटेलात जाऊन साक्षीपुरावे तपासत बसलो होतो.

सोजरबाईनं चहा बशीत ओतला, फुर्रकन प्याली आणि मामाला विचारलं, "सासू कशी वाटते, संघदीप?"

"चांगली हाय."

"पोरगा?"

"साधा हाय. बोलतच नाही."

मग तिनं मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. बराच वेळ न्याहाळलं. "सासरा येडा हाय," ती म्हणाली. "पन सासऱ्याचं काय एवढं? तो का पोरीले जनमभर पुरते? देऊन टाका पोरगी!"

अंगणभर हशा पिकला. मुलीचे वडील हसले, मामा हसला, गुलाबसिंग तर सतरंजीवर लोळला. माझा पोटचा पोरगासुद्धा हसला. सगळ्यात मोठ्यानं कोण हसलं, ते मात्र सांगत नाही. मला घरात राहायचंय.