जागचा न हललेला फोन

मुलाखत सुरू झाली तेव्हा इंजिनियर बैठकीच्या खोलीत कोचावर रेलून, घरात कुणी मोठ्याने शिंकत तर नाही ना, यावर लक्ष ठेवून होता. आतल्या खोलीत बायको लॅपटॉपपुढे बसली होती. लेकीच्या जन्माच्या वेळी सुटलेलं पुलांचे नकाशे काढायचं काम तिला परत हवं होतं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच एका कंपनीने तिला मुलाखतीला बोलावलं होतं. गेले कित्येक दिवस ती भांडी विसळतानासुद्धा खांब आणि कमानींची गणितं पुटपुटत होती. लेक शाळेत गेली होती, आई-बाबांना तंबी देऊन झाली होती, वरच्या मजल्यावरच्या ड्रिल मशीनवाल्याचे पाय धरून झाले होते. इंटरनेटची काळजी करायचं कारणच नव्हतं, कारण तो घरच्या माणसाचाच धंदा होता.

इंजिनियरच्या कंपनीत नव्या पिढीच्या मोबाइल नेटवर्कवर काम चालायचं. त्यात मोठ्या टॉवरच्या जोडीला जागोजागी लहान डबे असतात आणि माणूस चालू लागला की त्याचा फोन या डब्याचा हात सोडून त्या डब्याचा हात धरतो. हा हात बदलण्याचा क्षण मोठा नाजूक. तेवढ्यात कुणी भामटा मध्ये घुसला तर आनंदच. यावर इंजिनियरने तोडगा काढला होता. पासवर्ड चोरता येतो, पण माणसाची हिंडण्याफिरण्याची सवय कोण चोरणार? कोणता फोन कुठल्या खोलीतून कुठे, कसा जातो हे नेटवर्कने शिकून घ्यायचं, आणि फोन वेगळा वागला की तो चोरीला गेला असं समजून त्याचं इंटरनेट तोडायचं. ऑफिसात सगळे या योजनेला 'पहारेकरी' म्हणत. चाचणीसाठी त्याने तो स्वतःच्याच घरी बसवला होता, प्रत्येक खोलीत एक पांढरा डबा. महिनाभरात पहारेकऱ्याने घरातल्या चारही मोठ्या माणसांची चाल तोंडपाठ केली होती.

मुलाखत चांगली रंगात आली होती. तेवढ्यात भिंतीवरचा डबा अत्यंत शालीन आवाजात म्हणाला, "हा फोन मालकिणीकडे नाही, असे दिसते. जोडणी थांबवत आहोत."

"हॅलो? हॅलो?" आतून बायकोचा आवाज आला. मग ती स्वतःच दारात आली. तिचा चेहरा पाहून इंजिनियर ताडकन उभा राहिला.

"काय केलंस?"

"मी कुठे काय केलं?"

"मग तुझ्या डब्याने केलं! फोन माझ्या नाकासमोर पडलाय आणि हा म्हणतो, माझ्याकडे नाही."

इंजिनियरने तिचा फोन घेऊन पाहिला. पडद्यावर कारण स्वच्छ लिहिलं होतं. हा फोन बराच वेळ एका जागी आहे, मालकीण एका जागी बसत नाही.

ते दोघांनीही वाचलं.

"बंद कर ते," बायको म्हणाली.

"आत्ता बंद नाही होणार. संशय आलेला असताना बंद करता येत नाही. चोर आधी तेच करेल ना?" हा नियम त्याचाच होता आणि त्यासाठी ऑफिसात त्याची पाठही थोपटली गेली होती.

"मग तुझा लॅपटॉप दे."

"त्यावर बाहेरच्या मीटिंगा उघडत नाहीत. बंदी आहे."

"कुणाची बंदी?"

तीही इंजिनियरनेच घातली होती. मोबाइलच्या साध्या रेंजचं तर नाव काढायला नको. इमारतीच्या त्या अंगाला ती येतच नव्हती, म्हणून तर घरच्यांनी डबे लावू दिले होते.

"ऐक," तो घाईघाईने म्हणाला, "तुझा लॅपटॉप चालतो तुझ्या फोनच्या ओळखीवर. फोन नेहमीसारखा फिरला की पहारेकरी आपोआप वाट सोडेल. तू आत बस. फोन घेऊन मी फिरतो, तुझ्यासारखा."

"माझ्यासारखा?" बायकोने त्याच्याकडे एकदा आपादमस्तक पाहिलं आणि ती आत गेली.

तो स्वयंपाकघरात गेला, ओट्याला हात लावला आणि परत आला. डबा म्हणाला, "मालकीण स्वयंपाकघरातून इतक्या लवकर येत नाही."

"अरे, ती आधी माझ्याकडे येते," वर्तमानपत्रामागून बाबा म्हणाले. "गोळी आणि पाणी घेऊन."

"मग?"

"मग माझ्याकडे. चष्मा शोधायला," आई म्हणाली. "मग मशीनमधले कपडे काढून गॅलरीत. मग गॅसपाशी. मग भाजी निवडायला घेते, तेवढ्यात हे हाक मारतात."

"मी कधी हाक मारतो?"

"दर घटकेला मारता."

इंजिनियरने गोळी दिली, चष्मा शोधला. तो आईच्या डोक्यावरच होता, पण मालकिणीला तो शोधायला जेवढा वेळ लागतो तेवढा त्यालाही लावावा लागला. "ओळख पटली. धन्यवाद," डबा म्हणाला. आतून बायकोचा आवाज पुन्हा सुरू झाला. इंजिनियर हुश्श करून कोचावर टेकला, आणि आतला आवाज पुन्हा तुटला.

"ऊठ!" आई-बाबा एकदमच ओरडले.

तो उठला तो उठलाच. कपड्यांची बादली घेऊन गॅलरीकडे निघाल्यावर त्याच्या लक्षात आलं की गॅलरीची वाट आतल्या खोलीतून, थेट बायकोच्या पाठीमागून जाते. कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून तो वाकून, पाय ओढत सरकू लागला. "चाल संशयास्पद आहे," तिथला डबा हळूच म्हणाला. मग इंजिनियर ताठ झाला आणि बादली घेऊन, जणू जन्मभर हेच करत आल्यासारखा, झपाझप निघून गेला.

कपडे वाळत पडले, भाजी निवडून झाली, दूध उतू जाता जाता वाचलं. बाबांना एरवी क्वचित लागणारा दुसरा चहा आज अगदी निकडीचा झाला होता. इंजिनियरचा सदरा पाठीला चिकटला. त्याचा स्वतःचा फोन मात्र मघापासून कोचावरच पडून होता, आणि त्याबद्दल पहारेकऱ्याला तिळमात्र संशय आला नव्हता.

तो फोन वाजला. आईने उचलला. पलीकडे ऑफिसातले साहेब होते.

"तुमच्या घरातला एक फोन चोरीला गेल्याची सूचना आलीय. सगळं ठीक आहे ना?"

"चोरीला कुठला? माझ्या मुलाच्या खिशात आहे तो."

"आणि तो काय करतोय?"

"लसूण सोलतोय."

"मग चोरीलाच गेलाय," असं म्हणून साहेबांनी फोन ठेवला.

लसूण सोलून तो पुन्हा गोळ्यांच्या खोक्याकडे वळला आणि मध्येच थबकला. महिनाभर ही सगळी हालचाल त्याच्या पडद्यावर रोज उमटत होती. खोलीतून खोलीत सरकणारा एक ठिपका, कधीच न थांबणारा. 'उत्तम नमुना, भरपूर हालचाल,' असा शेरा त्याने त्यावर स्वतःच मारला होता. त्याला मनापासून लाज वाटली. पण लाज वाटून घ्यायलाही फार वेळ थांबता येत नव्हतं. आतला आवाज अडखळू लागला तसा तो पुढच्या फेरीला लागला.

अखेर आतल्या खोलीतून बायको बाहेर आली.

"सोमवारपासून ये म्हणाले."

आईने टाळ्याच वाजवल्या. इंजिनियरला इतका आनंद झाला की हातातला झारा खाली ठेवायचंही त्याला सुचेना. "मध्ये मध्ये तुटत होतं, त्याचं काही बोलले का?"

"त्याचं नाही. शेवटी विचारलं की घर आहे, लहान मुलगी आहे, वडीलधारी आहेत, पुलांच्या कामावर हिंडावं लागेल, जमेल का? मी तोंड उघडणार तेवढ्यात तू परत बादली घेऊन मागून गेलास. म्हणाले, हे कोण? म्हटलं, नवरा. म्हणाले, मघापासून बघतोय आम्ही यांना. मग काही प्रश्नच नाही."

"अगं, पण ते नेटवर्कमुळे होतं, हे सांगितलं नाहीस?"

"मुलाखतीत घरच्या अडचणी कशाला काढायच्या?"

इंजिनियरने खिशातून तिचा फोन काढून पुढे केला. "घे बाई. पहारेकरी आता शांत आहे. आधी तो बंद करतो."

"कशाला? तुझी चाचणी अर्धवट राहील." बायको कोचावर बसली. पाय वर घेऊन तिने पाठीला उशी लावली. "सोमवारी मी नवा फोन घेऊन जाईन. हा तुझ्याकडेच राहू दे. मी दिवसभर घरात दिसले नाही, तर उगीच त्याला संशय यायचा."

माणूस घराबाहेर गेलाय हे पहारेकऱ्याला एका बटणात कळवता येतं. इंजिनियरला ते अर्थातच माहीत होतं, आणि महिनाभर त्याची बडबड ऐकून बायकोलाही ते पाठ झालं होतं. तो सांगायला तोंड उघडणार होता. पण बायकोने डोळे मिटले होते, आणि भर दिवसा तिला अशी बसलेली पाहिल्याचं त्याला आठवेना. त्याने फोन परत खिशात टाकला आणि तिच्यासाठी चहाचं आधण ठेवायला तो आत गेला.