टिकाऊ धावपट्टीची आणि बोरखिंडीच्या पानमळ्यांची हकीकत

श्रीवायुदेवता समर्थ. जो सर्वांस सारखा वाहतो आणि कोणाचा हुद्दा विचारीत नाही, त्यास नमन करून लिहिणे ऐसे जे, शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, चैत्रमासी एका राज्यात विमानांची दाटी बहुत जाहली. विमानतळ एक आणि धावपट्टी एक. पहाट फुटता विमाने उडावयास रांग धरून उभी राहत, आणि तितकीच वर आभाळी घारीसारखी घिरट्या घालीत, आणि आत मुसाफिर फरशीवर पथाऱ्या टाकून बसत, आणि लेकरे रडत, आणि धुराने आसमंत काळवंडे. मग महाराजांनी दरबार भरवून आज्ञा केली की, विमानतळ वाढवावा, परंतु वाढ टिकाऊ असावी. झाड, पाणी आणि रयत यांस धक्का न लागावा. परमुलखीचे वकील पाहावयास येणार, त्यांनी नावे ठेवू नयेत. ऐसे बोलून तबकात विडा ठेविला. सरदारमंडळी एकमेकांची तोंडे पाहू लागली. तेव्हा विस्तारनवीस अंताजी पुढे जाहला आणि त्याने विडा उचलिला. अंताजी कामाचा चोख, मनाचा सरळ, आणि त्याच्या कुटुंबाच्या मते अंमळ भोळा.

नकाशा दिवाणजींनी आधीच काढून ठेविला होता. दुसरी धावपट्टी बोरखिंडी गावाच्या मावळतीकडल्या अर्ध्या भागावरून जात होती. त्या अर्ध्यात गावाचे निम्मे पानमळे, आणि पानाखेरीज त्या गावास दुसरी मिळकत नाही. अंताजी म्हणाला, आधी गाव पाहीन, मग नकाशा पाहीन. दिवाणजी हसले आणि म्हणाले, "पाहा. पाहावयास पैसे पडत नाहीत."

मग अंताजी बोरखिंडीस गेला. सरपंच तानूबाई वाकसे मळ्याच्या बांधावर पानांच्या कवळ्या बांधीत बसली होती. तिने त्यास पाणी दिले आणि हातातले काम न सोडता म्हणाली, "बोला दादा. नकाशावाले आधी येऊन गेले. तुम्ही काय मोजायला आलाय?"

"मोजायला नाही, विचारायला आलो. मळे दुसऱ्या जागी नेता येतील का?"

"वेल म्हंजे काय खुर्ची हाय का, उचलून ठेवायला? दरसाली खाली उतरवायचा, मातीत घालायचा, परत शेवरीच्या झाडावर चढवायचा. माझ्या सासूनं लावलेला वेल हाय ह्यो. हितल्या मातीतनं काढला की चार दिवसांत मान टाकतो."

"सरकार मोबदला देईल."

"पैशाला पानं फुटतात व्हय?" तानूबाई म्हणाली, आणि बांधावरच्या बाया हसल्या. मग ती गंभीर होऊन म्हणाली, "एवढंच सांगा. आमचं अर्धं गाव जाणार का ऱ्हाणार?"

अंताजीस काय वाटले कोण जाणे, तो बोलून गेला, "राहील. माझा शब्द."

शब्द दिला आणि अंताजीची झोप उडाली. मग तो विमानतळावर जाऊन बसला आणि येणेजाणे पाहू लागला, आणि पाहता पाहता त्याच्या ध्यानी आले की, पहाटे जेथे पाय ठेवावयास जागा नाही, तेथे दुपारी धावपट्टी ओस पडते आणि पहारेकरी तिजवरची कुत्री हाकलीत बसतात. धावपट्टी लहान नव्हती. सर्वांस एकच वेळ हवी होती. कारण असे की, महाराजांचे विमान पहाटे उडे, आणि त्यांच्या मागोमाग जो उडेल तो मर्जीतला, आणि जो दुपारी उडेल त्याचे दिवस फिरले, ऐसे राज्यात मानीत. अंताजीने मनाशी म्हटले, निम्मे सरदार दुपारी उडतील तर दुसरी धावपट्टीच नको. न खोदता, न तोडता, न कोणास उठविता विस्तार होईल. याहून टिकाऊ ते काय?

ऐसे योजून तो साखर कारखान्यांचे सरदार रणधीरराव यांजकडे गेला. त्यांनी त्यास जवळ बसवून घेतले आणि म्हणाले, "वा अंताजी, नामी काढलंत! मी उद्यापासून दुपारी जातो. फक्त आधी उमाकांतशेठ जाऊ देत. मी आधी गेलो तर लोक म्हणतील, रणधीररावाचं संपलं." मग तो कॉलेजांचे सरदार उमाकांतशेठ यांजकडे गेला. ते म्हणाले, "माझं काय हो, मी साधा माणूस, मला दुपार काय नि मध्यान्ह काय. पण साखरवाले आधी. ते पहाटे आणि मी दुपारी, असं व्याह्यांनी पाहिलं तर मुलीचं ठरलेलं मोडेल." याप्रमाणे अंताजी दारोदार हिंडला, आणि दर ठिकाणी त्याची वाहवा जाहली आणि चहा जाहला, आणि एकही विमान हलले नाही. दिवाणजी म्हणाले, "अंताजी, गाव हलविता येते. सरदाराची वेळ हलत नाही. उगाच चपला झिजवू नका."

तेव्हा अंताजी थेट महाराजांपाशी गेला आणि हात जोडून सर्व अर्ज केला. महाराज दिलाचे मोठे. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "इतकेच ना? मग उद्यापासून आम्हीच पहाट सोडली. आम्ही दुपारी उडू. रयतेपुढे आमचा मान तो किती?" अंताजीच्या डोळ्यांस पाणी आले. त्याने तसेच बोरखिंडीस जाऊन वर्तमान सांगितले, आणि गावाने हलगी वाजविली, आणि तानूबाईने आपल्या हाताने निवडलेल्या पानांची कवळी त्याच्या हाती दिली आणि म्हणाली, "शब्दाचा माणूस हाय."

दुसरे दिवशी दुपारी महाराज उडाले, आणि त्यांच्या मागे रणधीरराव उडाले, आणि त्यांच्या मागे उमाकांतशेठ, आणि मग झाडून सारे सरदार. पहाट ओस पडली आणि दुपारी रांग लागली. त्यात वैशाख आला, डांबर पाघळू लागले, आणि जाणत्या वैमानिकांनी कळविले की, उन्हात हवा पातळ होते, विमान लवकर उचलत नाही; दुपारी उडणे तर धावपट्टी पुष्कळ लांब पाहिजे.

अंताजी धावत महाराजांकडे गेला आणि म्हणाला, "महाराज, पुन्हा पहाटे उडावे." महाराजांनी खिडकीबाहेर बोट केले. चौकाचौकात फलक लागले होते की, रयतेसाठी महाराजांनी पहाट सोडिली. महाराज म्हणाले, "दिलेला शब्द आम्ही मागे घ्यावा, म्हणता?" दिवाणजींनी नवा नकाशा मांडिला. धावपट्टी दुसरी, आणि दीडपट लांब. जुन्या नकाशात बोरखिंडी अर्धी उरत होती. नव्यात उगवतीचे मळेही गेले, देऊळ गेले, शाळा गेली, काहीच उरले नाही.

मग अंताजी बोरखिंडीस गेला. तानूबाईने त्याचे तोंड पाहिले आणि म्हणाली, "बसा. उभ्यानं सांगायचं दिसत न्हाई." त्याने बसून सर्व सांगितले. मग तिने विचारले, "म्हंजे दादा, तुम्ही मधी पडला नसता, तर आमचं अर्धं गाव ऱ्हाणार हुतं?"

अंताजीने खाली पाहिले. खोटे सांगण्याजोगे त्याजपाशी काही उरले नव्हते. तो म्हणाला, "होय."

"मग आता उठा," तानूबाई म्हणाली. "माझी माणसं रानातनं यायच्या आत जावा. त्यांना मी सांगते. तुमच्या तोंडनं ऐकलं तर हात उगारतील, आणि तुम्ही वंगाळ न्हाई."

पुढे यंत्रे आली. पानमळ्यात कोणी पायताण घालून शिरत नाही, ही तिथली चाल. आणि टिकाऊ विस्तारात स्थानिक चालीचा आदर राखावा, ऐसे कलम होते. सबब यंत्रवाल्यांस पायताणे बांधावर काढावयास लाविले, आणि त्यांनी अनवाणी पायांनी यंत्रे मळ्यांवर घातली. त्याचे छायाचित्र परमुलखीच्या वकिलांस पाठविले आणि त्यांनी फार वाखाणिले. विमानतळाच्या छपरावर सूर्यावर चालणारी वीज बसविली आणि छपरास नागवेलीच्या पानाचा आकार दिला. अंताजीस भर दरबारी मानाची शाल मिळाली. त्याने ती घेतली. न घेण्याची छाती जाहली नाही. गावास माळावर खोल्या मिळाल्या. तेथे मुरूम, वेल धरत नाही.

धावपट्टी सिद्ध जाहली त्या साली महाराजांस ऊन बाधले, आणि वैद्यांनी दुपारचे उडणे बंद केले. महाराज पहाटे उडू लागले, आणि जुनीच पट्टी त्यांच्या दिवाणखान्याजवळ पडे, सबब जुन्याच पट्टीवरून. मग रणधीररावही जुनीवरून, आणि उमाकांतशेठही जुनीवरून, आणि त्यांच्या मागे सारे. पहाटे पूर्ववत रांग लागते, लेकरे रडतात, आणि नव्या पट्टीवरची कुत्री हाकलावयास नवे पहारेकरी नेमिले आहेत.

ऐसी टिकाऊ विस्ताराची हकीकत जैसी घडली तैसी लिहिली. बोरखिंडीचे वैर त्या राज्यात कोणासही नव्हते. गाव मानपानात गेले.