कासवभाऊंची उत्तरतालिका

"हेड कीपरची खुर्ची पुसून ठेवा!" कासवभाऊंनी सकाळी सातला प्राणिसंग्रहालयाच्या खाद्यकोठारात जाहीर केलं. "पुढच्या महिन्यापासून तिच्यावर मी बसणार!"

कोठारात त्या वेळी तिघं गाजरं निवडत होती. साळिंदरअण्णा, उंटमामा आणि शहामृगताई. या प्राणिसंग्रहालयात माणसांची खरी नावं फक्त हजेरीपटावर होती. एरवी जो ज्याला सांभाळतो, त्याच्याच नावाने तो ओळखला जायचा. 'पाणघोड्याची बायको फाटकावर थांबलीय' असा निरोप आला, तर कुणालाही हसू यायचं नाही आणि पाणघोडा मुकाट्याने फाटकाकडे पळायचा.

"आधी परीक्षा द्यावी लागते म्हणे," अण्णा हळूच म्हणाले.

"परीक्षा कसली! पन्नास प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. बरोबर उत्तर आपल्या पुढ्यातच मांडलेलं असतं. नुसतं उचलायचं! कोबीतली अळी वेचायला याहून जास्त डोकं लागतं!"

भाऊ बोलत होते तोऱ्यात. पण वयाच्या अटीमुळे ही त्यांची शेवटची संधी होती. पहिला येणारा हेड कीपर होणार होता. बाकीच्यांनाही परीक्षा चुकत नव्हती. पस्तीसच्या खाली गुण पडले की पिंजऱ्याचं काम काढून घ्यायचं आणि उद्यान विभागात पानं झाडायला पाठवायचं, असा नवा नियम आला होता. त्या धास्तीने अण्णांना जेवण जात नव्हतं. बारा वर्षं त्यांनी साळिंदरांना पोटच्या पोरांसारखं सांभाळलं होतं.

अभ्यासाला म्हणून कार्यालयाने प्रत्येकाला तीनशे पानांचं एकेक पुस्तक दिलं होतं. भाऊंनी त्यातलं कासवांचं प्रकरण वाचलं. 'लेखकाला बऱ्यापैकी कळतं' असा शेरा मारला आणि पुस्तक मिटलं.

भाऊंची बायको शाळेत गणित शिकवायची. मुलांच्या चाचण्यांसाठी तिच्या लॅपटॉपवर बहुपर्यायी प्रश्नांचं एक सॉफ्टवेअर होतं. प्रश्न विचारायचं, चार पर्याय दाखवायचं. उत्तर बरोबर आलं की हिरवी खूण, घंटी आणि मोठ्या अक्षरात 'शाब्बास!'. चुकलं की लाल फुली, आणि म्हशीने हंबरावं तसा आवाज.

"ह्याच्यात प्रश्न आपणच घालायचे," बायकोने समजावलं. "चार पर्याय लिहायचे आणि बरोबर उत्तरापुढच्या गोलात टिचकी मारायची. कुठलं बरोबर ते त्याला आपण सांगायचं. अहो, ऐकताय ना?"

"ऐकतोय."

"मग ते पुस्तक जवळ घेऊन बसा. एकेक उत्तर बघून घाला."

"अगं, पुस्तक कशाला? बावीस वर्षं मी जनावरांत काढलीत!"

"कासवांत काढलीत!"

"कासव काय जनावर नाही?"

बायकोला वह्या तपासायच्या होत्या. तिने नाद सोडला.

आठ दिवस भाऊ कामावरून आले की लॅपटॉपला चिकटायचे. दोनशे प्रश्न झाले! कासवांचे तीस प्रश्न तर डोळे मिटून. बाकीच्या प्राण्यांबद्दल जे लहानपणापासून ऐकलं होतं, जे मित्रांनी सांगितलं होतं आणि जे 'कुणालाही विचारा' या सदरात मोडत होतं, ते सगळं त्यांनी बिनदिक्कत घातलं. उंटाच्या कुबडात काय असतं? पाणी! शहामृग घाबरला की काय करतो? वाळूत डोकं खुपसतो! वटवाघळाला दिसतं का? ठार आंधळं! साळिंदर शत्रूवर हल्ला कसा करतं? काटे फेकून मारतं! गोलात टिचकी, पुढचा प्रश्न.

मग त्यांनी स्वतःची परीक्षा घेतली. घंटी वाजायला लागली ती थांबेचना! दोनशेपैकी दोनशे. पडद्यावर 'शाब्बास! शंभर टक्के!' झळकलं. भाऊंनी बायकोला स्वयंपाकघरातून ओढत आणून दाखवलं.

"पहिल्याच फटक्यात शंभर?" तिने भुवया उंचावल्या. "माझ्या वर्गातल्या पहिल्या नंबरालाही जमत नाही."

"रक्तातच असावं लागतं!" भाऊ म्हणाले.

विद्या दिल्याने वाढते. शिवाय उद्या हेड कीपर झाल्यावर हाताखाली शिकलेली माणसं नकोत का? भाऊ दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊनच कोठारात आले. जेवणाच्या सुट्टीत गाजरांच्या पेटीवर त्यांनी तो मांडला आणि तिघांना पुढे बसवलं.

पहिला बळी अण्णांचा. साळिंदराचाच प्रश्न आला. अण्णा खूश झाले आणि त्यांनी 'पाठ वळवून उलट्या पावली चाल करतं' वर टिचकी मारली.

म्हैस हंबरली!

"अहो भाऊ, असं कसं?" अण्णा गडबडले. "मी बारा वर्षं त्यांच्यात वावरतोय. एक काटा फेकलेला पाहिला नाही."

"तुमच्यावर रागावलं नसेल कधी!"

"पण मी रोज..."

"अण्णा, तुमचे डोळे मोठे की कॉम्प्युटर मोठा? मशीन खोटं बोलत नाही!"

उंटमामांनी 'चरबी' म्हणून पाहिलं. म्हैस. मामांनी उंटाच्या औषधपाण्यात डॉक्टरीणबाईंना पंधरा वर्षं मदत केली होती, पण लाल फुलीपुढे त्यांचाही धीर सुटला. "असेल बुवा पाणी," ते म्हणाले. "आपण काय आत हात घालून पाहिलाय!"

शहामृगताई मात्र चिवट निघाल्या. "माझा एकही पक्षी वाळूत डोकं घालत नाही. मान जमिनीला टेकवून पडून राहतो, एवढंच!"

"कारण त्यांना ठाऊक आहे, तुम्ही बघताय!" भाऊ म्हणाले. "लाजतात!"

ताईंनी तीनदा तेच उत्तर दिलं. तीनदा म्हैस हंबरली. चौथ्या वेळी त्यांनी 'वाळूत' वर टिचकी मारली. घंटी वाजली, 'शाब्बास!' आलं, आणि एवढ्या वर्षांच्या नोकरीत कुणी पहिल्यांदाच शाब्बास म्हटल्यामुळे ताई चक्क लाजल्या. त्या दिवसापासून तिघांनी आपापली पुस्तकं कोठाराच्या फळीवर ठेवून दिली. दोन आठवड्यांत चौघांचेही दोनशेपैकी दोनशे यायला लागले.

परीक्षेच्या दिवशी भाऊंनी वीस मिनिटांत पेपर संपवला. उरलेला वेळ ते इतरांकडे दयेने बघत बसले. अण्णा, मामा, ताई सगळे भराभर खुणा करत होते. आपण लावलेलं रोप आता फळ देतंय, या विचाराने भाऊंचा ऊर भरून आला.

निकालाऐवजी आली नोटीस! चौघांनी चौकशीसाठी हजर राहावं. मुख्यालयातून एक साहेब आले होते. चष्मा नाकावर, चार उत्तरपत्रिका टेबलावर, आणि शेजारी डॉक्टरीणबाई.

"चौघांनी मिळून कॉपी केलीय," साहेबांनी सरळ सांगितलं. "प्रत्येकाची एकोणीस उत्तरं चुकली आहेत. आणि एकोणीसही चुका तंतोतंत त्याच!"

"चुकली?" भाऊ खुर्चीतून उठले. "काय चुकलं?"

"हे घ्या. साळिंदर काटे फेकून मारतं! आणि लिहिलंय कुणी? साळिंदरं सांभाळणाऱ्या माणसाने! बारा वर्षं त्यांना खायला घालणारा माणूस हे स्वतःच्या मनाने लिहील? शक्यच नाही. दुसऱ्याचं बघून लिहिलं!" साहेबांनी पत्रिका आपटली. "चौघांचीही उद्यान विभागात रवानगी होईल."

अण्णांचा चेहरा पांढराफटक पडला. "साळिंदराचं धाकटं पिल्लू आजारी आहे साहेब," ते कसंबसं म्हणाले. "माझ्याशिवाय कुणाच्या हातचं खात नाही."

यावर भाऊंनी गप्प बसायला हवं होतं. पण गप्प बसणं हे ज्या पुस्तकात लिहिलं असतं, ते भाऊंनी कधी उघडलंच नव्हतं!

"साहेब, उत्तर बरोबर आहे!" ते गरजले. "साळिंदर काटे फेकतंच! चला, आत्ता सिद्ध करतो!"

"भाऊ, नका!" अण्णा ओरडले.

"अण्णा, तुमची नोकरी मी वाचवणार!"

सगळी वरात साळिंदराच्या पिंजऱ्यापाशी गेली. मागोमाग पाणघोडा आणि दोन माकडंही, म्हणजे त्यांचे कीपर, मजा बघायला आले. अण्णा दार उघडायला तयार होईनात. शेवटी साहेबांनीच मान हलवली. भाऊ आत शिरले. थोरलं साळिंदर कोपऱ्यात कणीस खात होतं.

"सर्वांनी मागे सरा!" भाऊंनी हुकूम सोडला. "दहा फुटांपर्यंत येतील!"

त्यांनी साळिंदरापुढचं कणीस उचललं. साळिंदराने मान वर केली. अंगावरचे काटे ताठ उभे राहिले. शेपटी खुळखुळ्यासारखी वाजायला लागली.

"बघा, बघा! आता फेकणार!" चेहरा वाचवावा म्हणून भाऊंनी पटकन पाठ फिरवली.

साळिंदरानेही पाठ फिरवली. आणि उलट्या पावली, पुस्तकात लिहिल्याप्रमाणे, तीरासारखं मागे आलं!

भाऊंची किंकाळी पार पक्षीगृहापर्यंत गेली. तिथले पोपट पुढे आठवडाभर तिची नक्कल करत होते.

अण्णांनी त्यांना बाहेर ओढलं. विजारीच्या मागच्या बाजूला सात काटे डोलत होते.

"डॉक्टर, काढा हो!" मामा म्हणाले.

"मी जनावरांची डॉक्टर आहे," बाई म्हणाल्या. "माणसांवर उपचार करायची मला परवानगी नाही."

"मग काही अडचण नाही!" ताई म्हणाल्या. "आणा चिमटा!"

अर्ध्या तासाने चौकशी पुन्हा सुरू झाली.

"बसा," साहेब म्हणाले.

"उभाच बरा आहे," भाऊ म्हणाले.

अण्णा खाली मान घालून बसले होते. आजारी पिल्लाच्या वाटीचा विचार चालला असणार. भाऊंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांना लाज वाटली. काटे निघाले होते, पण ही लाज काही निघेना. या माणसाला खरं उत्तर पाठ होतं. बारा वर्षं रोज डोळ्यांनी बघितलेलं. ते आपण म्हशीच्या आवाजाने त्याच्याकडून पुसून घेतलं होतं.

"साहेब, कॉपी नाही झाली," ते म्हणाले. आवाज एवढा बारीक की ताईंना वाटलं दुसरंच कुणी बोललं. "प्रश्न मी घातले होते. उत्तरंही मीच घातली. पुस्तक न बघता. यांनी खरी उत्तरं दिली तर मशीन यांना चूक म्हणायचं, कारण मी त्याला तसं सांगून ठेवलं होतं. चुका सगळ्या माझ्या. शिक्षा मला करा. अण्णांना पिल्लाकडे जाऊ द्या."

साहेबांनी चष्मा काढला. "एकटा माणूस एवढं चुकीचं जाणू शकतो, यावर माझा विश्वास बसत नाही. वटवाघळाला दिसतं का?"

"नाही."

"हत्ती कशाला घाबरतो?"

"उंदराला."

"बैल कशामुळे चिडतो?"

"लाल रंगामुळे."

साहेब पत्रिकेवर बोट फिरवत होते. उत्तरं जशीच्या तशी जुळत होती. दहाव्या प्रश्नाला त्यांनी पेन खाली ठेवलं. "पुरे! हा माणूस प्रामाणिक आहे. इतकं मनापासून चुकणारा माणूस कॉपी करू शकत नाही." आणि पहिल्यांदाच हसून ते म्हणाले, "शिवाय आपल्या उत्तरावर स्वतःचं अंग पणाला लावणारा उमेदवार मी तरी पाहिलेला नाही. चौघांची परीक्षा पुन्हा घेऊ. पंधरा दिवसांनी. पुस्तक वाचून या!"

त्या रात्री भाऊ पालथे पडून होते. बायकोने सगळी हकीकत ऐकली, गालातल्या गालात हसली आणि लॅपटॉप आणि पुस्तक दोन्ही त्यांच्या पुढ्यात ठेवलं. "आता एकेक उत्तर बघून दुरुस्त करा. मी बसते जवळ."

एकशे सदतीस उत्तरं बदलावी लागली. सत्तावन्नाव्या उत्तरानंतर भाऊ म्हणाले, "लेखकाला कासवांखेरीज इतरही थोडंफार कळतं."

फेरपरीक्षेत चौघंही पास झाले. भाऊंना बेचाळीस पडले. अण्णांना पन्नासपैकी एकोणपन्नास! या खेपेला त्यांनी जे डोळ्यांनी पाहिलं होतं तेच लिहिलं होतं. हेड कीपरची खुर्ची त्यांना मिळाली. भाऊंनीच ती पुसून दिली, आणि पुसताना मनापासून आनंद झाला असं ते सांगतात. त्यांचा आनंद बराचसा खराही होता, कारण धाकटं पिल्लू आता चांगलं खायला लागलं होतं.

हेड कीपर झाल्यावर अण्णांनी पहिलं काम केलं ते पाटी लावण्याचं. साळिंदराच्या पिंजऱ्यावर ती आजही आहे.

'साळिंदर काटे फेकत नाही. शंका असल्यास कासव विभागात चौकशी करावी.'

लोक चौकशीला येतातही. भाऊ कासवांना पाला घालता घालता थांबतात, छाती पुढे काढतात आणि अर्धा तास तपशीलवार माहिती देतात. "हे पुस्तकी ज्ञान नव्हे!" ते शेवटी बजावतात. "मी स्वतः संशोधन केलंय!"

मग एखादे आजोबा कौतुकाने त्यांच्यासाठी शेजारचं स्टूल पुढे सरकवतात. भाऊ एकदम दोन पावलं मागे सरतात.

"नको नको," ते म्हणतात. "मी उभाच बरा आहे!"